‘दिवाण’ : एका शब्दाची वंशावळ आणि वहिवाट (प्रस्तावना)

ज्या शब्दाची हकीकत या पुस्तकात सांगितली आहे तो मराठी वाचकास अपरिचित आहे असे मुळीच नाही. किंबहुना तो इतका परिचित आहे की त्याच्याकडे निरखून पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत तंटा लागला म्हणजे जो दावा दाखल होतो तो दिवाणी. बडोदे, ग्वाल्हेर, कोल्हापूर अशा संस्थानांचा कारभार जे मुत्सद्दी पाहात ते दिवाण. वाड्याच्या माडीवर पाहुण्यांना मानाने बसविण्याची जागा तो दिवाणखाना. आणि शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भिंतीला लावून ठेवलेली, दिवसा बसण्याच्या व रात्री निजण्याच्या उपयोगी पडणारी आणि पोटात जादा गाद्या-उशा सामावून घेणारी लाकडी बैठक हीही दिवाणच. उर्दू काव्याचा व्यासंग असलेला मनुष्य गालिबचा दिवाण वाचतो. नांदेडच्या गुरुद्वारात शीख भाविक कीर्तन-प्रवचनासाठी जमतात त्या मेळाव्यासही दीवान म्हणतात. आणि प्रेमात किंवा ध्यासात ज्याचे भान हरपले त्याला आपण दिवाणा ठरवितो. एवढ्या परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच नावाने कशा ओळखल्या जाऊ लागल्या, हा प्रश्न एकदा मनात शिरला म्हणजे तो सहजासहजी बाहेर पडत नाही.

मराठीच्या शिवेपलीकडे पाऊल टाकताच हे कोडे अधिकच गहन होते. पॅरिसला उतरणाऱ्या प्रवाशाचे सामान जेथे तपासतात त्या जकातखात्यास फ्रेंच लोक ‘दुआन’ म्हणतात, इटलीत त्यालाच ‘दोगाना’ आणि स्पेनमध्ये ‘आदुआना’ असे नाव आहे. रशियनांचा ‘दिवान’ हा बसावयाचा कोच आहे, तर त्यांचे शेजारी पोल लोक त्याच शब्दाने जमिनीवर अंथरावयाचा गालिचा समजतात. मलेशियाच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाचे नाव ‘देवान रक्यात’ आहे, आणि टांझानियातील स्वाहिलीभाषी मतदार आपल्या प्रभागातून ज्याला निवडून देतो तो नगरसेवक ‘दिवानी’. नोंदवही, कचेरी, मंत्री, मंत्रिसभा, न्यायालय, जकात, काव्यसंग्रह, दालन, कोच, गालिचा अशी ही अर्थांची परंपरा आहे. यांपैकी कोणते अर्थ एका कुळातले आणि कोणते केवळ नामसादृश्यामुळे त्या कुळात गणले गेलेले, याचा निवाडा करणे हे या पुस्तकाचे पहिले काम आहे.

जुन्या वतनाच्या तंट्यांत एक पक्ष आपली वंशावळ पुढे करी आणि दुसरा आपली वहिवाट, आणि शहाण्या पंचास दोन्ही पुरावे तपासल्यावाचून गत्यंतर नसे. शब्दाच्या बाबतीतही माझे मत हेच आहे. शब्द कोठून आला हे कळल्याने तो आज काय म्हणतो ते कळत नाही, आणि आज तो काय म्हणतो एवढ्यावरून तो कोठून आला याचा अंदाज बांधू गेल्यास बहुधा फसगत होते. व्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक संप्रदायांनी या दोहोंपैकी एकाच पुराव्यावर भिस्त ठेवली, आणि त्या संप्रदायांचा थोडा परिचय नवागत वाचकास असणे इष्ट आहे.

या विद्येचा आपल्याकडील आद्य ग्रंथ म्हणजे यास्काचे निरुक्त. सर्व नामे धातूंपासून उत्पन्न झाली असे प्रतिपादणारा शाकटायन आणि सर्वच नामांविषयी असे म्हणता येणार नाही असे बजावणारा गार्ग्य, यांचा जो वाद यास्काने नोंदविला आहे तो आजही मिटलेला नाही असे म्हणण्यास हरकत नाही. यास्काचा कल अर्थाकडे आहे. अर्थ निश्चित असेल तर अक्षराच्या अल्पशा साम्यावरूनही निर्वचन करावे, पण ते सोडून देऊ नये, अशी त्याची वृत्ती, आणि वेदार्थनिर्णयाच्या कामी ती उपयुक्त असली तरी तिच्या मागे लागून पुढील काळात पुष्कळांनी कोणत्याही शब्दाचा संबंध कोणत्याही धातूशी जोडला. युरोपात १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान उगमाची कल्पना कलकत्त्यास मांडल्यानंतर जो तौलनिक अभ्यास सुरू झाला त्याने या स्वैरतेस आळा घातला; विशेषतः १८७०च्या पुढील दशकात लायप्झिग येथील तरुण पंडितांनी ध्वनिपरिवर्तनाचे नियम निरपवाद असतात असा आग्रह धरला आणि ध्वनी जुळत नसेल तर अर्थ कितीही जुळला तरी व्युत्पत्ती त्याज्य, अशी शिस्त घालून दिली. या शिस्तीचे ऋण मोठे आहे, परंतु तिने शब्दाला माणसांपासून वेगळे केले. त्याची भरपाई तीन दिशांनी झाली: मिशेल ब्रेआलने १८९७ मध्ये अर्थविचारास स्वतंत्र शास्त्राचा दर्जा दिला, ह्यूगो शुखार्ट आणि त्याच्या विचाराच्या लोकांनी वस्तूचा इतिहास पाहिल्यावाचून शब्दाचा इतिहास लिहू नये असे सांगितले, आणि झ्यूल झिल्येराँने फ्रान्सचा भाषिक नकाशा तयार करताना प्रत्येक शब्दाला स्वतःचे निराळे चरित्र असते असे दाखवून दिले. या सर्वांत मला सर्वाधिक मार्गदर्शक वाटला तो आंत्वान मेये. शब्द एका सामाजिक वर्गाच्या हातून दुसऱ्या वर्गाच्या हाती गेला म्हणजे त्याचा अर्थ पालटतो, हा विचार त्याने १९०६च्या सुमारास मांडला, आणि ‘दिवाण’ शब्दाच्या चरित्रात त्याची प्रचीती पावलोपावली येते.

मराठीत या अभ्यासाची परंपरा दुबळी नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला व १८५७ मध्ये सुधारून वाढविला गेला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतापासून प्रचलित भाषांपर्यंतचा क्रम लावून दाखविला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळता धुंडाळता शब्दांचीही मुळे खणली. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर असा ग्रंथ लिहिला की ज्याची सर कोणत्याही दुसऱ्या अर्वाचीन भारतीय भाषेविषयीच्या तत्कालीन ग्रंथास नव्हती. फार्सी अंशाकडे स्वतंत्र लक्ष वेधले ते माधवराव पटवर्धनांच्या १९२५ सालच्या फार्सी-मराठी कोशाने, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला, त्यावाचून हे पुस्तक उभेच राहिले नसते. तथापि कोशकारास प्रत्येक शब्दास चार ओळींपलीकडे जागा देता येत नाही, आणि काही शब्द असे असतात की त्यांना चार ओळींत बसविणे हा त्यांच्यावर अन्याय ठरतो.

आता वंशावळीकडे वळू. प्राचीन सुमेरमध्ये ओल्या मातीच्या ज्या फळीवर टोकदार बोरूने अक्षरे उठवीत तिला ‘दुब’ म्हणत, आणि लेखक तयार करणाऱ्या शाळेचे नावच तेथे फळ्यांचे घर असे होते. तो शब्द अक्कादी भाषेत ‘तुप्पु’ झाला, एलामी भाषेत ‘तुप्पि’, आणि एलामी लेखकांच्या मदतीने आपला राज्यकारभार चालविणाऱ्या हखामनी सम्राटांच्या जुन्या फार्सीत ‘दिपि’, म्हणजे लेख. बेहिस्तूनच्या कड्यावर त्यांच्यापैकी दारयवहूने जो तीन भाषांतील लेख कोरविला त्यात हा शब्द आहे. सिंधूचे खोरे त्या साम्राज्याचा एक प्रांत होते. तेव्हा पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘लिपि’ आणि ‘लिबि’ हे दोन्ही शब्द आढळावेत यात नवल नाही. लिंपणे या अर्थाच्या ‘लिप्’ धातूच्या ओढीने ‘द’चा ‘ल’ झाला असावा, हे मत मला ग्राह्य वाटते, कारण त्याला दगडावरचा पुरावा आहे. अशोकाच्या गिरनारच्या लेखात ‘लिपि’ असा पाठ आहे, पण वायव्येस शाहबाजगढी व मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत त्याच जागी ‘दिपि’ आहे. एवढेच नव्हे, तर शाहबाजगढीस ‘लिहिलेले’ या अर्थी ‘निपिस्त’ असे रूप येते, आणि ज्या इराणी धातूचे ते रूप आहे त्याच धातूपासून पुढे फार्सीत ‘नवीस’ हे पद झाले, जे आपल्या फडणवीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस या आडनावांतून आजही घरोघर नांदत आहे. पेशावरजवळच्या एका खडकावर, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, दिवाण आणि फडणवीस या दोघांचे पूर्वज शेजारी शेजारी कोरलेले आहेत! या एका गोष्टीसाठी मी शब्दांच्या अभ्यासास आयुष्यभर कृतज्ञ राहीन.

‘दिपि’ धारण करणारा तो पहलवी भाषेत ‘दिबीर’, म्हणजे लेखक, आणि लेखांचे जेथे जतन होई ते ‘देवान’. यांपैकी ‘दिबीर’ शब्द इस्लामच्या उदयापूर्वीच संस्कृतात येऊन बसला होता. वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’ हा अधिकारी आहे, आणि काश्मीरच्या क्षेमेंद्राने ज्या लाचखाऊ लेखनिकांवर कोरडे ओढले तेही ‘दिविर’च. हाच शब्द दख्खनच्या शाह्यांतून ‘डबीर’ होऊन मराठ्यांच्या इतिहासात आला. शहाजीराजांच्या व शिवाजीमहाराजांच्या पदरी असलेले सोनोपंत डबीर कोणास ठाऊक नाहीत? राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, वाकनीसाचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत, आणि महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोशात यावनी शब्दांस संस्कृत पर्याय योजले गेले. त्या प्रयत्नामागील स्वाभिमान वंदनीय आहे आणि त्याचे राजकीय मोल मी तिळभरही कमी लेखीत नाही. मात्र जो ‘डबीर’ त्या वेळी परका म्हणून निवृत्त झाला त्याचे संस्कृतातील वास्तव्य हजार वर्षांचे होते, आणि ‘लिपि’शी त्याचे रक्ताचे नाते होते, हेही सांगितले पाहिजे.

या ठिकाणी एका आख्यायिकेचा समाचार घेणे भाग आहे. इराणचा कोणी खुस्रू आपले हिशेबनीस तोंडाने आकडे पुटपुटत बसलेले पाहून त्यांना वेडे, म्हणजे ‘दीवाना’, म्हणाला व त्यावरून कचेरीस ‘दीवान’ नाव पडले, अशी कथा अरबी ग्रंथकार सांगतात. इब्न खल्दूनसारख्या थोर इतिहासकारानेही आपल्या चौदाव्या शतकातील ग्रंथात ती दिली आहे. कथा मनोरंजक असली तरी ध्वनीच्या आणि लेखांच्या दोन्ही पुराव्यांपुढे ती टिकत नाही. ‘दीवाना’ हा ‘दीव’पासून झाला; दीव म्हणजे पिशाच्च, आणि ज्याला पिशाच्चाने झपाटले तो दीवाना. हा ‘दीव’ अवेस्तातील ‘दएव’चा वंशज आणि आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे; आर्यांच्या दोन शाखांत एकाच नावास एकीकडे पूज्यता आणि दुसरीकडे निंदा प्राप्त झाली. म्हणजे मराठीतील ‘दिवाण’ हा लिपीचा नातलग आणि ‘दिवाणा’ हा देवाचा. दोघांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. तिसरे ‘देवाणघेवाण’मधील ‘देवाण’ तर देणे या आपल्याच धातूचे अपत्य होय. तीन घराण्यांतील तीन शब्द कानाला एकसारखे वाटावेत, हाच नवशिक्या व्युत्पत्तिकाराच्या वाटेतला मोठा अडसर आहे.

वहिवाटीचा भाग याहून विस्तृत आहे. सातव्या शतकात खलिफा उमरने सैनिकांची व त्यांच्या वेतनाची जी यादी करविली ती ‘दीवान’ या नावाने प्रसिद्ध पावली. यादीवरून यादी ठेवणारे खाते, आणि खात्यावरून सैन्य, महसूल, पत्रव्यवहार, टपाल या सर्वांची निरनिराळी दिवाणे झाली. इराकात ही खाती पहलवीत आणि सीरियात ग्रीक भाषेत चालत असत. खलिफा अब्द अल-मलिकने शतकाच्या अखेरीस ती अरबीत आणली. राज्यव्यवहारकोशाच्या कर्त्याचे हे जणू पूर्वसूरी, फरक इतकाच की भाषा बदलणाऱ्या त्या खात्याचे स्वतःचे नाव मात्र इराणीच राहिले. अरबांना आपल्या जमातींच्या पराक्रमाची नोंद आपल्या काव्यातच आहे असे वाटे, म्हणून कवीच्या एकत्रित रचनेसही तेच नाव मिळाले. या अर्थाशी दख्खनचा संबंध निकटचा आहे: गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुतुबशाह हा दख्खनी भाषेत दिवाण सिद्ध करणारा पहिला कवी मानला जातो, आणि औरंगाबादच्या वली या कवीचा दिवाण १७२०च्या सुमारास दिल्लीस पोहोचला तेव्हा तेथील फार्सीत लिहिणाऱ्या कवींना आपल्या बोलीत असे काव्य होऊ शकते याचा साक्षात्कार झाला. हाफिजच्या दिवाणाचे जर्मन भाषांतर वाचून गटेने १८१९ साली आपल्या काव्यसंग्रहास पौर्वात्य-पाश्चिमात्य दिवाण असे नाव दिले, ही गोष्ट तर सर्वश्रुतच आहे.

भूमध्य समुद्राच्या काठी मालावरील कर वसूल करणारी कचेरी तेवढीच व्यापाऱ्याच्या दृष्टीस पडे, म्हणून तेथे दिवाणाचा अर्थ जकात असा संकुचित झाला. सिसिलीच्या नॉर्मन राजांनी अरबांची कारभारपद्धती उचलली तेव्हा त्यांच्या लॅटिन कागदांत ‘दुआना’ आली. पोर्तुगीजांनी मात्र जकातखान्यास ‘आल्फांदेगा’ हे अरबी ‘फुंदुक’, म्हणजे वखार-सराई, यावरून आलेले नाव चालविले, आणि गोव्यातही तेच रूढ झाले. उस्मानी तुर्कांकडे दिवाण म्हणजे सुलतानाची मंत्रिसभा. तोपकापी राजवाड्यातील घुमटाखालच्या दालनात भिंतीलगतच्या गादीदार आसनांवर वजीर बसत. परदेशी वकिलांनी सभा पाहिली नाही तरी आसने पाहिली, आणि त्यांच्यामार्फत युरोपात गेला तो आसनाचा अर्थ. अठराव्या शतकात इंग्रजीत रुळलेला हा कोच पुढे इंग्रजी राजवटीबरोबर मुंबईच्या घरांत शिरला. आपल्या दिवाणखान्याचा ‘दिवाण’ खुष्कीच्या मार्गाने दिल्ली-विजापूरहून आला आणि त्या खोलीत मांडलेला ‘दिवाण’ गलबतातून लंडनमार्गे आला; एकाच छपराखाली एकाच शब्दाच्या या दोन पिढ्या परस्परांस न ओळखता राहतात.

हिंदुस्थानात दिवाण हा मुख्यत्वे महसुलाचा धनी. अकबराने सुभ्याच्या दिवाणास सुभेदारापासून स्वतंत्र केले ते याचसाठी की तलवार आणि तिजोरी एका हाती राहू नये. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुलीखान या दिवाणाने येथील जमाबंदीची जी नवी व्यवस्था लावली तिचे ठसे पुष्कळ काळ टिकले. मराठी कागदांत मात्र या शब्दास एक खास छटा आहे: सतराव्या शतकातील महजरांत, म्हणजे निवाडापत्रांत, ‘दिवाण’ म्हणजे सरकार, आणि त्याच्या जोडीस ‘गोत’ म्हणजे रयतेची व ज्ञाति-बांधवांची सभा; न्याय या दोघांच्या समक्ष व्हावयाचा. हा द्वंद्वसमास इतर कोणत्याही भाषेत माझ्या पाहण्यात नाही, आणि आपल्या ग्रामसंस्थांचे मर्म जाणण्यास तो एखाद्या ग्रंथाइतका उपयोगी आहे. १२ ऑगस्ट १७६५ रोजी मोगल बादशहा शाहआलमने बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस दिली, आणि एका हिशेबी शब्दाच्या आडून एका साम्राज्याचा पाया घातला गेला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये मालमत्तेच्या तंट्यांसाठी दिवाणी अदालत व गुन्ह्यांसाठी फौजदारी अदालत अशी विभागणी केली. ती नावे मुंबई इलाख्यातही चालली आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन होऊन सदर अदालत गेली तरी कायद्याच्या भाषेतून गेली नाहीत. पुढे संस्थानांतून ग्वाल्हेरचे दिनकरराव राजवाडे, आणि कुंभकोणच्या मराठी घराण्यात जन्मून त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तिन्ही दरबारांत नाव मिळविणारे सर टी. माधवराव, अशा पुरुषांनी या पदास प्रतिष्ठा आणली.

हा विचार आजच का करावयाचा? महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर शासनव्यवहाराची परिभाषा घडविताना पुष्कळ फार्सी शब्द गेले, पुष्कळ राहिले, आणि जे राहिले ते का राहिले याचा शोध फारसा कोणी घेतला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर आपल्या शब्दांच्या प्राचीनतेविषयी जिव्हाळ्याने बोलले जाते. या जिव्हाळ्याचे मी स्वागत करतो. परंतु त्याच उत्साहात कोणताही शब्द कोणत्याही संस्कृत धातूस जोडून दाखविणारी मोहक निर्वचने रोज प्रसृत होत आहेत, आणि तरुण वाचकास ती पारखण्याचे साधन आपण दिलेले नाही. मोडी वाचणारे लोक कमी होत आहेत. शब्दाची वहिवाट ज्या कागदांत आहे ते कागद वाचताच आले नाहीत तर उरेल ती केवळ कल्पित वंशावळ, आणि तिच्या आधारे भाषेच्या वतनाचा निवाडा करणे मला धोक्याचे वाटते.

प्रस्तुत पुस्तकात शब्दाची मांडणी कालक्रमाने केलेली नाही. तो ज्यांच्या हाती गेला त्या वर्गांच्या क्रमाने, म्हणजे लेखक, सैनिक, कवी, व्यापारी, वकील, कारभारी आणि गृहस्थ असा, त्याचा मागोवा घेतला आहे; त्यामुळे एकच शतक दोनदा भेटेल, त्यास इलाज नव्हता. जेथे लिखित पुरावा आहे तेथे निश्चयाने विधान केले आहे आणि जेथे केवळ अनुमान आहे तेथे ते अनुमान म्हणूनच दिले आहे. अरबी-फार्सी शब्दांचे लेखन मराठी उच्चारास धरून केले आहे, मात्र दोन भाषांतील रूपांची तुलना असेल तेथे मूळ दीर्घत्व राखले आहे. मराठी कागदांतील उदाहरणे मुख्यतः देशावरची आहेत. कोकणातील, वऱ्हाडातील व तंजावरच्या मराठी दप्तरातील उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत. ज्यांच्या घरी जुने मोडी रुमाल आहेत त्यांनी त्यांत ‘दिवाण’ शब्द आढळल्यास तो कोणत्या वाक्यात, कोणत्या साली व कोणत्या गावी आला एवढे टिपून ठेवावे. पुढील आवृत्तीत त्या नोंदींसाठी जागा राखली आहे.